‘पेल फायर’: खरा निवेदक कोण, आणि या कादंबरीचा अर्थ शोधायचा कुठे?

उन्हाळी_वाचक (धरमपेठ, नागपूर)

आमच्या वाचनगटाने पुढच्या महिन्यासाठी व्लादिमिर नाबोकोव्हची ‘पेल फायर’ (१९६२) घेतली आहे. दोन बैठका, प्रत्येकी दोन तास. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी ढाचा सांगते: आधी चार्ल्स किंबोट या संपादकाची प्रस्तावना, मग जॉन शेड या अमेरिकी कवीची ९९९ ओळींची कविता, मग त्या कवितेवर किंबोटच्या टिपा, शेवटी सूची. कविता चाळीसेक पानांत आटोपते, टिपा सव्वादोनशेच्या आसपास पानं खातात. आणि त्या टिपांत कवितेबद्दल फारच थोडं. झेम्बला नावाच्या उत्तरेकडच्या देशाचा राजा, क्रांतीनंतर त्याने केलेलं पलायन, त्याच्या मागावर सुटलेला ग्रेडस नावाचा मारेकरी, हेच सगळं.

तीन गोष्टी विचारायच्या आहेत. वाचायचं कोणत्या क्रमाने? किंबोट म्हणतो टिपा आधी वाचा. दुसरं, हा किंबोट खरंच परागंदा राजा आहे, वेडा प्राध्यापक आहे, की आणखी कोणी? आणि तिसरं, गटातल्या एका सरांचं म्हणणं असं की उत्तर-आधुनिक कादंबरीला अर्थ विचारूच नये, तो एक खेळ असतो. हे पटत नाही, पण खोडायचं कसं तेही कळत नाही. या कादंबरीत ‘अर्थ’ म्हणून बोट ठेवायचं ते कशावर?

टीप_१३०

क्रमाचं आधी. किंबोटचा सल्ला नीट मोजा ताई: टिपा कवितेच्या आधी, मग कविता वाचताना पुन्हा, मग कविता संपल्यावर तिसऱ्यांदा. म्हणजे टिपा तीनदा आणि कविता एकदा. संपादक म्हणून हा माणूस काय लायकीचा आहे ते इथेच कळतं. त्याचा सल्ला धुडकावा.

प्रस्तावना सलग वाचा. तिच्यात एका ठिकाणी ‘९९१व्या ओळीवरची माझी टीप पाहा’ असं येतं. तिकडे उडी मारली तर तिथून पुढच्या टिपेकडे, तिथून आणखी पुढच्या, अशी साखळी सुरू होते. पहिल्या वाचनात मारू नका. दुसऱ्या वाचनात जरूर मारा. प्रस्तावनेत विद्वत्तेच्या मधोमध अचानक तो समोरच्या करमणूक-पार्कच्या गोंगाटाची तक्रार करतो, तिथे पेन्सिलीने खूण करा. बेभरवशाच्या निवेदकाची ती पहिली ठसठशीत खूण.

मग कविता. मोठ्याने, एका बैठकीत, टिपांकडे न बघता. दोन-दोन ओळींना यमक असलेला जुना इंग्रजी छंद आहे, तो कानावर पडला पाहिजे. तासाभराहून थोडा जास्त वेळ लागेल. चार सर्ग आहेत: ओळी १ ते १६६, १६७ ते ५००, ५०१ ते ८३४ आणि ८३५ ते ९९९. शेडने ती ८० इंडेक्स कार्डांवर लिहिली, सर्गवार कार्डं १३, २७, २७, १३. प्रमाण एवढं काटेकोर की शेवटी एक ओळ कमी पडते ते लगेच टोचतं. किंबोट म्हणतो, हजारावी ओळ म्हणजे पहिलीच ओळ पुन्हा. ९९९वी ओळ ‘लेन’ या शब्दावर संपते, पहिली ‘स्लेन’वर, त्यामुळे यमक बसतं. त्याच्या मोजक्या पटण्याजोग्या सूचनांपैकी ही एक.

आणखी एक बारकावा, जो किंबोटला दिसत नाही. पहिल्या सर्गात अकरा वर्षांचा शेड चावीच्या एका खेळण्याशी खेळत असतो, पत्र्याचा मुलगा पत्र्याची ढकलगाडी ढकलतोय, आणि तेवढ्यात शेडला पहिल्यांदा घेरी येते. ९९९व्या ओळीत शेजारचा माळी रिकामी ढकलगाडी ढकलत गल्लीतून वर जातो. काही मिनिटांत शेड मरणार असतो.

बहुतेकांचं चुकतं ते इथे. कविता म्हणजे कादंबरीच्या आधीची पायरी समजून भराभर उरकतात आणि टिपांतल्या राजाच्या गोष्टीत रमतात. मग दुसऱ्या सर्गात काय घडलं तेच ध्यानात राहत नाही. तिथे शेडची एकुलती मुलगी हेझल १९५७च्या मार्चमध्ये तळ्याच्या बर्फाळ पाण्यात शिरून जीव देते. कवितेचा गाभा तोच आहे. दुसरा सर्ग टिपांकडे वळण्याआधी परत वाचा.

टिपा वाचताना समासात तीन खुणा ठेवा. जे फक्त किंबोटने पाहिलं-ऐकलं त्याला एक खूण. ज्याला कादंबरीतलंच दुसरं कोणी साक्षीदार आहे त्याला दुसरी. जे किंबोटने स्वतःच पुढे खोडलं त्याला तिसरी. सगळं पुस्तक संपल्यावर दुसऱ्या खुणेची पानं किती थोडी निघतात ते बघा. निवेदकावरची निम्मी चर्चा तिथेच होऊन जाईल.

महाल_वाला

फोनवर वाचून राहिले असाल तर थांबा बाप्पा! ई-पुस्तकात टिपेच्या आकड्यावर बोट लागलं की गडी झेम्बलात, परत यायचा रस्ता सापडत नाही. कागदी प्रतच घ्या, दोन खुणेच्या पट्ट्या ठेवा, एक कवितेत, एक टिपांत. किंबोट तर म्हणतो एकाच पुस्तकाच्या दोन प्रती घेऊन टेबलावर शेजारी शेजारी मांडा. तो म्हणून राहिला आपली प्रत खपावी म्हणून, पण गटात कोणाकडे दोन प्रती असतील तर खरंच सोपं जातं.

आणि सूची सोडू नका. लोक सूची आली की पुस्तक मिटतात. काहून मिटता? शेवटचा अंक तिथेच आहे.

पाठभेद

दुसऱ्या प्रश्नावर. आधी कादंबरीत शंकेला जागा नाही असं काय आहे ते बाजूला काढू, मग तर्क.

किंबोट न्यू वाय गावात जज गोल्ड्सवर्थच्या घरात भाड्याने राहतो. शेजारी शेड. २१ जुलै १९५९ला त्या घराच्या दारात शेडला गोळी लागते. गोळी झाडणारा जॅक ग्रे हा गुन्हेगार वेड्यांच्या संस्थेतून पळालेला माणूस, त्याला तिथे पाठवलं होतं याच जजने. शेडला तो जज समजला. गावाचं, पोलिसांचं, सगळ्यांचं म्हणणं हेच. तो ग्रेडस होता, झेम्बलाच्या राजाला मारायला आला होता आणि नेम चुकला, असं म्हणणारा जगात एकटा किंबोट. ग्रेडसचा कवितेशी संबंध तो कसा लावतो बघा: १७व्या आणि २९व्या ओळीत ‘ग्रॅज्युअल’ आणि ‘ग्रे’ हे साधे शब्द आलेत, त्यात त्याला मारेकऱ्याचं नाव दिसतं.

मग पाठभेद. किंबोट शेडच्या टाकून दिलेल्या ओळी म्हणून अधूनमधून झेम्बलाचे उल्लेख असलेल्या ओळी देतो. १२व्या ओळीवरच्या टिपेत अशा दोन ओळी आहेत, कुण्या राजाबद्दलच्या. पहिल्या ओळीचा छंदच लंगडतो, शेडसारख्या कवीच्या हातून ती उतरणं अवघड. पुढे ५५०व्या ओळीवरच्या टिपेत तो मानतो की त्या दोन ओळींत आपल्या इच्छेची भेसळ झाली, आणि वर सांगतो की खोटेपणाच्या काठावर आपण एवढ्या एकाच वेळी घुटमळलो. सूचीत ‘पाठभेद’ ही नोंद काढा. तिथे आणखी काही ओळींपुढे ‘किंबोटची भर’ असं सरळ लिहिलंय, एका ठिकाणी तर आठ ओळी. म्हणजे टिपेत दिलेली ग्वाही सूचीत मोडते. लीळाचरित्राच्या पोथ्यांत पाठभेद कोणाकडून आला ते नावानिशी नोंदलेलं असतं, वाचणाऱ्याला तोलून बघता येतं. इथे प्रत्येक पाठभेदाचा साक्षीदार एकच, आणि कार्डं त्याच्याच खिशात.

आता तो कोण. ८९४व्या ओळीवरच्या टिपेत प्राध्यापकांच्या गप्पा आहेत. एक जण किंबोटला म्हणतो, तुम्ही रशियात जन्मलात ना, आणि तुमचं नाव म्हणजे बोटकिन या नावाची अक्षरं फिरवून केलेलं ना? किंबोट उडवून लावतो. मग सूचीत बघा: ‘बोटकिन, व्ही.’, रशियन वंशाचा अमेरिकी अभ्यासक. मजकुरात जेमतेम डोकावलेल्या माणसाला सूचीत एवढी सजवलेली नोंद कशाला? अमेरिकी लेखिका मेरी मॅकार्थी यांनी १९६२मध्येच परीक्षणात हा धागा उकलला होता, आणि खुद्द नाबोकोव्हने मुलाखतीत सांगितलं की हा भाष्यकार ना राजा, ना किंबोट; तो बोटकिन, एक रशियन आणि वेडा. प्रस्तावनेखालची तारीख १९ ऑक्टोबर १९५९ आहे. आवृत्तीवरून शेवटचा हात फिरवल्यावर किंबोट त्याच दिवशी आत्महत्या करतो, हेही नाबोकोव्हचंच म्हणणं.

लेखकाने सांगितलं म्हणून प्रश्न मिटला असं मी मानत नाही, कारण लेखकाचं बाहेरचं बोलणं पुस्तकात नाही. पण इथे पुस्तकातला पुरावाही त्याच दिशेला जातो.

दुसरा पक्ष असा की शेडनेच किंबोटला निर्माण केलं. मरण, टिपा, सूची सगळं शेडचंच लेखन. १९९१मध्ये नाबोकोव्हचे चरित्रकार ब्रायन बॉइड याच बाजूला होते. त्यांना बळ मिळतं ते कविता आणि टिपा यांच्यातल्या दाट देवाणघेवाणीतून. उलट बाजू, म्हणजे किंबोटने शेड रचला, ही मला सगळ्यात कच्ची वाटते. ज्याला दोन ओळी छंदात बसवता येत नाहीत तो ९९९ कशा लिहील?

रातराणी_४५

पाठभेद यांचं बहुतेक पटतं, पण ‘कोणी लिहिलं’ यावर दोन तास घालवलेत तर बैठक पोलीस चौकशीसारखी होईल. ताईंचा तिसरा प्रश्न जास्त मोलाचा आहे.

शीर्षकापासून धरा. ९६२व्या ओळीत शेड शेक्सपिअरची मदत मागतो आणि कवितेला नाव देतो ‘पेल फायर’. हे शब्द आहेत ‘टायमन ऑफ अथेन्स’च्या चौथ्या अंकाच्या तिसऱ्या प्रवेशात: चंद्र चोर आहे, आपला फिकट अग्नी तो सूर्याकडून चोरतो. किंबोटकडे शेक्सपिअरचं एकच नाटक आहे, नेमकं हेच, पण झेम्बलन भाषांतरात. भाषांतर राजाच्या काकांचं. ३९-४० या ओळींवरच्या टिपेत तो त्याच जागेचा उतारा झेम्बलनमधून परत इंग्रजीत आणून देतो, आणि त्यात ‘पेल फायर’च्या जागी चंदेरी प्रकाश आलेला असतो. मग ९६२वर येऊन तो म्हणतो, माझ्याकडच्या नाटकात शीर्षकाशी जुळणारं काही नाही. उतारा त्यानेच दिलाय, आणि तोच त्याला ओळखता येत नाही. वर प्रस्तावनेत शेड जुने मसुदे जाळत असताना भट्टीच्या जाळाला तो स्वतः हेच दोन शब्द वापरतो!

म्हणजे पुस्तकात एक जुळणी आहे, ती शेडला पूर्ण दिसत नाही, किंबोटला अजिबात दिसत नाही, आणि वाचकाला दोन पानं शेजारी ठेवली की दिसते. अर्थ इथून काढायचा.

आता तिसरा सर्ग. शेडला हृदयविकाराच्या झटक्यात एक उंच पांढरं कारंजं दिसतं. मग एका मासिकात कळतं की एका बाईंनाही मरणाच्या दारात नेमकं तेच दिसलं. तो शोध घेतो, आणि निघतं काय? बाईंनी ‘माउंटन’ लिहिलं होतं, छपाईत ‘फाउंटन’ झालं. परलोकाचा पुरावा म्हणून धरलेली गोष्ट मुद्रणदोष निघाली. शेड खचून परत निघतो आणि वाटेत ओळी ८०६ ते ८१५च्या आसपास त्याला उमगतं की अर्थ एकेका मजकुरात नाही, विणीत आहे; वेड्यावाकड्या योगायोगांचं जे जाळं दिसतं त्यात. कादंबरीची किल्ली म्हणून एकच जागा दाखवायची झाली तर मी ही दाखवीन. कारण पुढे टिपांनी नेमकं तेच केलंय: शेडला न दिसलेले योगायोग विणून ठेवलेत.

आणि या विणीच्या मध्ये हेझल आहे. ३४७व्या ओळीवरच्या टिपेत ती एका पडक्या गोठ्यात रात्री बसून भुताच्या प्रकाशाची उघडझाप टिपून घेते. अक्षरांचा तुटका ढीग निघतो. किंबोट म्हणतो, पुन्हापुन्हा बघितलं, काही हाती लागलं नाही. त्या ढिगात वडिलांना गोल्ड्सवर्थच्या गल्लीत जाऊ नका असा इशारा आहे, आणि ‘अटलांटा’चे तुकडे विखुरलेत, असं वाचता येतं. व्हेनेसा अटलांटा हे फुलपाखराचं नाव. २७०व्या ओळीत शेड बायकोला लाडाने ‘व्हेनेसा’ म्हणतो, आणि ९९३ ते ९९५ या ओळींत, म्हणजे मरणाच्या काही मिनिटं आधी, लाल पट्ट्याचं तेच फुलपाखरू अंगणात येऊन बसतं. (याच कुळातलं पेंटेड लेडी आपल्याकडे विदर्भातही दिसतं. गटातल्या कोणाला फुलपाखरांचा नाद असेल तर त्यांना हा भाग द्या. नाबोकोव्ह स्वतः फुलपाखरांचा जाणकार संशोधक होता, रंग उगाच लिहीत नाही.)

बॉइड यांनी १९९९च्या पुस्तकात आपलं जुनं मत सोडलं ते याच धाग्यामुळे. त्यांचं नवं म्हणणं, मेलेली हेझल किंबोटच्या कल्पनेला आणि शेडच्या कवितेला पलीकडून चालना देते. तेवढ्यापर्यंत जायला मी तयार नाही. पण गोठ्यातला संदेश पुस्तकात आहे, तो कोणीच पात्र वाचू शकत नाही, आणि वाचला असता तर शेड वाचला असता, एवढं निर्विवाद आहे.

उन्हाळी_वाचक

खूपच मदत झाली. पण सर नक्की म्हणतील, हे सगळं म्हणजे लेखकाने लपवलेली अंडी शोधणं झालं, अर्थ कुठाय? आणि दुसरं: किंबोट हास्यास्पद आहे हे मान्य, पण त्याच्यावर नुसतं हसूनच सोडायचं का?

टीप_१३०

हसा, पण दोन टिपा शेजारी ठेवून हसा.

दुसऱ्या सर्गात शेड हेझलची शेवटची रात्र दोन रुळांवर सांगतो. इकडे आईबाप टीव्हीचे चॅनल बदलत बसलेत, तिकडे ती बसमधून उतरते. मिनिटामिनिटाची सांगड. ४०३-४०४वर किंबोटची टीप: हे फार लांबलं, आणि एकाच वेळी घडणाऱ्या गोष्टींची ही युक्ती फ्लोबेर आणि जॉइस यांनी केव्हाच वापरून झिजवलीय. आणि हाच माणूस पुस्तकभर काय करतो? शेडने अमुक दिवशी अमुक ओळी लिहिल्या तेव्हा ग्रेडस अमुक शहरात होता, हीच सांगड! ५ जुलैला शेड दुसरा सर्ग सुरू करतो, त्याच दिवशी ग्रेडस झेम्बलाची राजधानी सोडतो. शेडचा जन्म ५ जुलै १८९८चा. किंबोटचा आणि ग्रेडसचा दोघांचाही ५ जुलै १९१५चा. त्या संध्याकाळी शेडकडे वाढदिवसाची पार्टी असते आणि शेजारच्या किंबोटला बोलावणं नसतं, तो खिडकीतून बघत राहतो.

म्हणजे दोघं एकच काम करताहेत. शेडची मुलगी गेली आणि तो मरणाला वीण देऊ पाहतो. किंबोटचा देश, भाषा, ओळख गेली (तो बोटकिन असेल तर खरोखरच गेली) आणि तो त्या हरवण्याला राजाची गोष्ट देतो. एकाला छंद येतो, दुसऱ्याला येत नाही. ४९३व्या ओळीत हेझलच्या आत्महत्येचा उल्लेख येतो. त्यावरच्या टिपेत किंबोट तिच्याबद्दल जवळजवळ काही बोलत नाही, आत्महत्येच्या विचारातच बुडून जातो. पहिल्या वाचनात ही टीप निर्दय वाटते. तो स्वतः कुठे निघालाय हे कळल्यावर पुन्हा वाचा. (ही टीप बैठकीत मोठ्याने वाचू नका, गटात कोणाच्या घरी काय झालेलं असेल सांगता येत नाही.)

सरांना एक विचारा: खेळच असेल तर ९७७ ते ९८१ या ओळी का आहेत? शेड म्हणतो, आपण मरणानंतर उरतो आणि माझी लाडकी कुठेतरी जिवंत आहे याची मला साधारण खात्री आहे, तेवढीच, जेवढी उद्या २२ जुलैला सकाळी सहाला मी उठेन याची. २२ जुलै त्याला दिसत नाही. मग पहिल्या खात्रीचं काय? ती खोटी ठरली, की दोन्ही ‘खात्र्या’ एकाच वजनाच्या नव्हत्या? पुस्तक हे सोडवत नाही. पण प्रश्न लखलखीत स्पष्ट आहे, आणि स्पष्ट प्रश्नाला ‘अर्थ नाही’ म्हणणं हा आळस झाला.

पाठभेद

एक भर. ग्रेस यांच्या कवितेवर वाढलेल्या नागपूरकरांना दुर्बोधतेचं भय दाखवू नये, पण इथली दुर्बोधता वेगळ्या जातीची आहे. ग्रेसांकडे प्रतिमा अडते. इथे एकही वाक्य अडत नाही, सगळं स्वच्छ. अडतं ते हे वाक्य कोणाच्या तोंडचं आणि कशासाठी, इथे. म्हणून शब्दकोश कमी उघडा आणि मागची पानं जास्त उलटा.

सरांसाठी आणखी एक: हा आकार हवेतून आलेला नाही. नाबोकोव्ह याच सुमाराला पुश्किनच्या ‘येव्गेनी अन्येगिन’ या रशियन काव्य-कादंबरीच्या भाषांतरावर आणि टिपांवर काम करत होता. ते १९६४मध्ये चार खंडांत आलं, भाषांतर पहिल्या खंडात आणि पुढे भाष्याचे ढीग. टीकाकार मूळ कवीला कसा गिळू शकतो हे तो रोज टेबलावर बघत होता.

रातराणी_४५

‘वाचला असता तर शेड वाचला असता’ या माझ्याच वाक्याला थोडी वेसण घालते: संदेशाचा अर्थ लावणं हे अभ्यासकांचं वाचन आहे. गोठ्यातली अक्षरं मात्र पानावर छापलेली आहेत. बैठकीत ती फळ्यावर लिहा आणि दहा मिनिटं सगळ्यांना झटू द्या. उत्तर आधी सांगू नका.

टीप_१३०

दोन बैठकांची वाटणी कशी करायची ते सांगायचं राहिलंच. पहिल्या बैठकीला प्रस्तावना, पूर्ण कविता आणि टिपा १४९व्या ओळीपर्यंत. हे कमी वाटेल, पण पहिल्या दीडशे ओळींवरच्या टिपाच एकूण टिपांचा अंदाजे तिसरा हिस्सा आहेत. १३०व्या ओळीत शेड एवढंच म्हणतो की मी कधी चेंडू खेळलो नाही की बॅट फिरवली नाही. त्यावर राजाच्या भुयारी पलायनाची पानंच्या पानं! १४९व्या ओळीत डोंगर हा शब्द आला की राजा डोंगर ओलांडायला लागतो. पहिल्या बैठकीत या दोन टिपा घेऊन ‘ओळीत काय आहे, टिपेत काय आहे’ हे समोरासमोर मांडलं की युक्ती सगळ्यांना कळते. दुसऱ्या बैठकीची सुरुवात दुसऱ्या सर्गाच्या शेवटाने करा, साधारण ३८५ ते ५०० या ओळी मोठ्याने वाचून. नंतर १०००व्या ओळीवरची टीप, नंतर सूची.

तारखांचा अर्ध्या पानाचा तक्ता छापून वाटा: २ जुलै पहिला सर्ग सुरू, ४ला पूर्ण, ५ला दुसरा सुरू, ११ला पूर्ण, मग आठवडाभर तिसरा, १९ला चौथा सुरू, २१ला गोळी, १९ ऑक्टोबरला प्रस्तावना. समोरच्या रकान्यात ग्रेडसचा प्रवास ज्याने त्याने भरायचा.

महाल_वाला

सूचीसाठी अर्धा तास ठेवाच. दोन गमती सांगतो. शेडची बायको सिबिल, पुस्तकभर वावरते, किंबोटचं तिच्याशी अजिबात पटत नाही. सूचीत तिच्या नावापुढे फक्त ‘ठिकठिकाणी’ अशा अर्थाचा एक शब्द. किंबोटची स्वतःची नोंद किती लांब आहे ते तुम्हीच मोजा.

दुसरी, राजमुकुटाची रत्नं. क्रांतीवाल्यांनी बोलावलेले दोन सोव्हिएत तज्ज्ञ राजवाडा उकरून राहिले, सापडत नाहीत. सूचीत ‘राजरत्नं’ काढा, तर ‘लपवण्याची जागा पाहा’. तिथे गेलात तर ‘पोताय्निक पाहा’. तिथून ‘ताय्निक’. ताय्निक म्हणजे गुप्त जागा, आणि पुढे ‘राजरत्नं पाहा’! फिरा गोल. पण याच सूचीत ‘कोबाल्ताना’ अशी एक नोंद आहे: जुन्या बराकींच्या भग्नावशेषांजवळचं एकेकाळचं थंड हवेचं ठिकाण, आता ओसाड, आणि पुढे लिहिलंय की मजकुरात याचा उल्लेख नाही. मजकुरात नाही तर सूचीत काहून? नाबोकोव्हला मुलाखतीत रत्नं कुठे विचारलं तेव्हा त्याने हीच जागा सांगितली, कोबाल्तानाजवळच्या बराकी, आणि वर म्हणाला की रशियनांना सांगू नका. गटात हे शेवटी सांगा, आधी लोकांना स्वतः शोधू द्या. ‘के’वरच्या नोंदी नीट वाचणाऱ्याला सापडतं.